तीन वर्षं घासलेली चकाकी: डेफ लेपर्डच्या 'हिस्टेरिया'चं प्रकरण

प्रकरण अभ्यासात (केस स्टडीत) नावं सहसा झाकतात. इथे सगळंच जगजाहीर आहे आणि बँडच्या लोकांनी मुलाखतींतून ते पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे, त्यामुळे झाकून काही उपयोग नाही. विषय आहे डेफ लेपर्ड या इंग्लिश रॉक बँडचा १९८७ साली आलेला 'हिस्टेरिया' हा अल्बम. पार्टी रॉकचा इतका महागडा आणि इतका कोरून काढलेला नमुना दुसरा सापडणं कठीण. ऐकायला सुरुवात केली की पाय हलतो, मुखडा तोंडात बसतो, आणि संपल्यावर हाताला फारसं काही लागत नाही. हा उथळपणा निष्काळजीपणातून आला असा बऱ्याच जणांचा समज असतो. कागदपत्रं आणि मुलाखती बघितल्या तर उलट दिसतं. तो पैसे मोजून, वेळ घालवून, एकेका निर्णयातून घडवलेला होता.

पार्श्वभूमी

शेफील्ड हे इंग्लंडमधलं पोलादाचं शहर. तिथल्या पोरांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी काढलेला डेफ लेपर्ड १९८३ च्या जानेवारीत आलेल्या 'पायरोमेनिया'मुळे अमेरिकेत घराघरांत पोचला. अल्बम 'बिलबोर्ड' या अमेरिकी मासिकाच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला आणि तिथेच अडकला, कारण वर मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' ठाण मांडून बसला होता.

बँडचा निर्माता होता रॉबर्ट जॉन लँग, ज्याला सगळे 'मट' म्हणतात. एसी/डीसी या बँडचा 'बॅक इन ब्लॅक' याच माणसाच्या हाताखालून गेलेला. 'थ्रिलर'ने अडवलेली वाट त्याने बरोबर वाचली. त्या अल्बममध्ये नऊ गाणी, त्यांतली सात सिंगल म्हणून, म्हणजे एकेकटी वेगळी, बाजारात आली आणि सातही अमेरिकेत पहिल्या दहांत गेली. लँगने बँडसमोर ठेवलेली कल्पना अशी: हेच रॉकमध्ये करायचं. भरतीचं गाणं एकही नको, प्रत्येक गाणं स्वतंत्रपणे हिट होण्याच्या लायकीचं हवं.

या प्रकरणातला पहिला आणि सगळ्यात मोठा निर्णय हाच. बाकीचे बहुतेक याच्या पोटातून निघाले. प्रत्येक गाण्याला रेडिओवर पहिल्या अर्ध्या मिनिटात पकड घ्यायची म्हटली की हळूहळू उलगडणारं, तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात कळणारं, मुद्दाम अडखळणारं असं काहीही त्या अल्बममध्ये टिकत नाही. ते आधीच गाळलं जातं.

अडचण

१९८४ मध्ये गाणी रचायला सुरुवात झाली आणि लँगच बाहेर पडला. ओळीने अल्बम करून तो पार थकला होता. बँडने जिम स्टाइनमनला बोलावलं. मीट लोफ या गायकाच्या 'बॅट आउट ऑफ हेल'ची गाणी त्याची, म्हणून भव्यपणा त्याला जमेल असा हिशेब. पण त्या अल्बमचा निर्माता होता टॉड रंडग्रेन. स्टाइनमनने गाणी लिहिली होती. ही चूक किती साधी आणि किती महाग! कामाच्या यशातला कोणता वाटा कोणाचा, हे न तपासता माणूस नेमला की असं होतं.

हॉलंडमधल्या हिल्व्हर्समच्या विसेलोर्ड स्टुडिओत काम सुरू झालं आणि लगेच खटके उडायला लागले. स्टाइनमनला हवा होता तो क्षण पकडणारा, थोडा ओबडधोबड, एकत्र वाजवल्यासारखा आवाज. बँडला हवा होता आरशासारखा लखलखीत. शेवटी पैसे मोजून त्याला निरोप दिला, झालेलं काम बाजूला ठेवलं, आणि ध्वनिमुद्रक नायजेल ग्रीनला सोबत घेऊन स्वतःच प्रयत्न करून पाहिले. तेही मनासारखे झाले नाहीत.

याच सुमारास, ३१ डिसेंबर १९८४ ला, ड्रमर रिक ॲलनची कार शेफील्डजवळ उलटली. त्याचा डावा हात तुटला. डॉक्टरांनी तो पुन्हा जोडला, पण जंतुसंसर्ग झाल्याने काढून टाकावा लागला. ॲलन तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

पुढे लँग परतला. पण मग त्यालाही मोटारीचा अपघात होऊन पायाला दुखापत झाली, आणि गायक जो एलियटला गालगुंड झाले. एकूण मामला असा की खर्चाचं मीटर पळतंय आणि हातात अल्बम नाही.

समोर असलेले पर्याय

ड्रमरच्या बाबतीत धंद्याच्या दृष्टीने सरळ वाट होती ती दुसरा माणूस घेण्याची. ती कोणी धरली नाही. ॲलन इस्पितळात पडल्या पडल्या पायाने ठेका धरून बघत होता, आणि बँडने त्याला वेळ दिला. सिमन्सचे इलेक्ट्रॉनिक ड्रम घेऊन त्याच्यासाठी खास संच बनवला गेला. डावा हात जे करायचा ते आता डाव्या पायाखालची पेडल करू लागली. आयर्लंडमधल्या छोट्या कार्यक्रमांत आधाराला स्टेटस क्वो या बँडचा जेफ रिच हा दुसरा ड्रमर सोबत होता. एका रात्री त्याला यायला उशीर झाला, ॲलनने एकट्याने कार्यक्रम निभावला, आणि मग आधाराची गरज उरली नाही. १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉनिंग्टनच्या उघड्या मैदानात हजारो लोकांपुढे तो वाजवायला बसला. या सगळ्या हकीकतीत निर्विवाद चांगला निर्णय कोणता विचाराल तर हा.

आवाजाच्या बाबतीत वाटा तीन होत्या: स्टाइनमनसारखं एका खोलीत बसून एकत्र वाजवणं, स्वतःच्या जोरावर काहीतरी मधलं करणं, किंवा लँग मोकळा होईपर्यंत थांबणं आणि मग तो सांगेल तितका वेळ देणं. बँडने तिसरी धरली. आधी वाया गेलेले महिने आणि पैसे बघता ती धाडसाची होती, पण विचार केला तर दुसरं काही शक्यही नव्हतं. 'प्रत्येक गाणं हिट' हे एकदा ठरल्यावर ते करून देणारा माणूस एकच होता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'हिस्टेरिया'चे ड्रम यंत्रासारखे वाजतात ते ॲलनच्या अपघातामुळे, असं अनेक जण मानतात. पण 'पायरोमेनिया'तही ड्रमचे बहुतेक आवाज फेअरलाइट या संगणकी यंत्रातून आले होते, खरे होते ते सिम्बल, म्हणजे धातूच्या थाळ्या. म्हणजे ॲलनचे दोन्ही हात शाबूत असतानाच लँगने ड्रमरचं काम यंत्राकडे सोपवायला सुरुवात केली होती. अपघाताने ती पद्धत जन्माला घातली नाही, फक्त तिला एक सहृदय कारण मिळालं.

काय केलं

डब्लिन, पॅरिस, हिल्व्हर्सम अशी वारी करत १९८७ च्या सुरुवातीपर्यंत काम चाललं. पद्धत अशी. सुरुवातीला ड्रम मशीनचा एक साधा ठेका लावून द्यायचा. त्यावर गिटार, बास, आवाज यांचे थर चढवत जायचे. खरे ड्रमचे आवाज सगळ्यात शेवटी, कारण गाण्याचा आराखडा शेवटपर्यंत बदलू शकतो. घर बांधताना पाया शेवटी घालण्याचा प्रकार म्हणा, पण टेपवर ते चालतं.

गिटारचं तर ऐकण्यासारखं आहे. कॉर्ड म्हणजे एका झटक्यात एकत्र छेडलेल्या तारा. लँगने काही ठिकाणी त्या एकेक करून वाजवून घेतल्या आणि टेपवर जुळवल्या, म्हणजे प्रत्येक स्वर स्वच्छ, कुठे खरखर नाही, एका तारेचा दुसरीला धक्का नाही. सोमवारी भात शिजवून ठेवायचा, मंगळवारी आमटी, बुधवारी भाजी आणि गुरुवारी एकदम ताट वाढायचं, असा तो मामला. सगळं नीट शिजलेलं, पण एका चुलीवरचं नाही. बँडचे फिल कॉलन आणि स्टीव्ह क्लार्क हे दोघेही चांगले गिटारवादक. क्लार्कचा हात तर विशेष, जरा सैल आणि बेभरवशाचा. या पद्धतीत नेमका तो सैलपणाच गाळून जातो.

शिवाय गिटार मोठ्या ॲम्प्लिफायरमधून न घेता रॉकमन नावाच्या छोट्या डबीतून घेतली. 'बॉस्टन' बँडच्या टॉम शोल्झने बनवलेलं हे यंत्र मुळात हेडफोन लावून सराव करण्यासाठीचं. त्याचा आवाज अरुंद, दाबलेला, प्लास्टिकसारखा. तरीही ते का वापरलं? कारण लँगला मुखड्यावर आवाजांचा डोंगर रचायचा होता. एलियट, बाकीची मंडळी आणि खुद्द लँग, पुन्हा पुन्हा गाऊन एकावर एक चढवलेले. गिटारनेच सगळी जागा व्यापली तर तो डोंगर मावणार कुठे? म्हणून गिटार बारीक केली. हेडफोन लावून 'ॲनिमल' ऐकलं तर कळतं की गिटारपेक्षा माणसांचा जमाव मोठा आहे, आणि त्या जमावात एकही ओळखू येणारा माणूस नाही.

अल्बम संपत आला असताना शेवटचा महत्त्वाचा निर्णय झाला. मधल्या सुट्टीत एलियट गिटारवर एक तुकडा सहज छेडत बसला होता, लँगने तो ऐकला आणि हेच गाणं हवं म्हणून बसला. आधीच थकलेल्या, कर्जात गेलेल्या बँडला आणखी एक गाणं करायला लावणं सोपं नव्हतं. पण 'पोर सम शुगर ऑन मी' दोनेक आठवड्यांत तयार झालं. इतर गाण्यांना लागलेला काळ पाहता हे डोळ्यांत भरण्यासारखं आहे. त्याचे शब्द कसे आले ते एलियटने सांगितलं आहे: तो आणि लँग छोटे टेप रेकॉर्डर घेऊन वेगळे बसले, चालीवर काहीबाही अर्थशून्य बडबडले, मग एकमेकांच्या टेप ऐकून त्यातून कोणते शब्द ऐकू येतात ते शोधलं. आधी ध्वनी, मागाहून शब्द, अर्थ आलाच तर आला. आपल्याकडे चालीवर शब्द बसवणाऱ्या गीतकारांना हे नवीन वाटणार नाही, पण निदान त्यांना सिनेमातला प्रसंग सांगितलेला असतो.

निकाल

३ ऑगस्ट १९८७ ला अल्बम आला. बारा गाणी, बासष्ट मिनिटांच्या वर, एका एलपी तबकडीसाठी फारच लांब. ब्रिटनमध्ये थेट पहिला क्रमांक. अमेरिकेत मात्र गाडी अडखळली. तिथे पहिलं सिंगल म्हणून 'विमेन' निवडलं होतं, रॉक ऐकणाऱ्या पोरांना आधी खूश करू या विचाराने. ते ऐंशीव्या क्रमांकापुढे सरकलं नाही. ब्रिटनमध्ये 'ॲनिमल' आधी आलं आणि सहाव्या क्रमांकावर गेलं. पन्नास लाख प्रती खपल्या तरच खर्च वसूल होईल अशी स्थिती होती, असं बँडने पुढे सांगितलं आहे. तेव्हा त्या ऐंशीव्या क्रमांकाकडे बघून पोटात काय झालं असेल याची कल्पना करता येते.

वाचवलं ते शेवटच्या क्षणी घुसवलेल्या गाण्याने. बँडच्या सांगण्यानुसार फ्लोरिडातल्या नाचाच्या क्लबांमध्ये मुलींनी 'शुगर' उचललं, तिथून रेडिओकडे मागणी गेली. डब्लिनमधल्या पाडकाम चाललेल्या घरात काढलेला व्हिडिओ बाजूला ठेवून, प्रत्यक्ष कार्यक्रमातली दृश्यं घेऊन दुसरा व्हिडिओ केला आणि एमटीव्हीवर तो सारखा वाजू लागला. २३ जुलै १९८८ ला, म्हणजे जवळजवळ वर्षभराने, अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. ऑक्टोबरात 'लव्ह बाइट्स' सिंगल्सच्या यादीतही पहिलं. एकूण सात सिंगल, म्हणजे 'थ्रिलर'इतकेच. अमेरिकेत आज त्याला एक कोटी वीस लाख प्रतींचं प्रमाणपत्र आहे. ठरवलं होतं ते बऱ्याच अंशी साध्य झालं.

मग उथळपणाची तक्रार कशाला? कारण त्याच उन्हाळ्यात शेजारी दुसरा अल्बम उभा होता. गन्स एन रोझेसचा 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' 'हिस्टेरिया'च्या दोन आठवडे आधी आला, तोही वर्षभर रखडत चढला आणि १९८८ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला. त्यातही दारू, बाया, रात्री आहेत, त्या दृष्टीने तोही काही उपनिषद नाही. पण त्यात पाच माणसं ऐकू येतात. एकाचा ताल दुसऱ्याच्या पुढे पळतो, गायकाचा आवाज फाटतो. दहाव्यांदा ऐकताना आधी न ऐकलेलं काहीतरी कानावर येतं. 'हिस्टेरिया' दहाव्यांदा ऐकताना आणखी थर सापडतात, हे खरं. 'रॉकेट'च्या तालात बुरुंडीच्या ढोलांची छाया आहे, उलटे फिरवलेले आवाज आहेत, कारागिरीला तोड नाही. पण ते सगळे निर्मात्याचे थर आहेत. माणूस नाही सापडत.

आणि खरी बोच इथे आहे. हा अल्बम होत असताना एका एकवीस वर्षांच्या मुलाचा हात गेला, त्याने वाजवणं नव्याने शिकून घेतलं, स्टीव्ह क्लार्क दारूत खोल जात होता, सगळे कर्जबाजारी आणि घरापासून दूर. त्यातलं काय या बासष्ट मिनिटांत उतरलं? मला तरी काही दिसत नाही. 'गॉड्स ऑफ वॉर'मध्ये रेगन आणि थॅचर यांचे आवाज येतात, तेवढाच बाहेरच्या जगाचा दरवाजा किलकिला होतो, पण तोही पुन्हा आवाजांच्या भिंतीमागे जातो. दुःखावरच गाणी लिहायला हवी होती असं मुळीच नाही. पार्टीची गाणीसुद्धा ती वाजवणाऱ्यांचा घाम दाखवू शकतात. इथे घाम पुसून, इस्त्री करून, वर वॉर्निश मारलेलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

धंद्याच्या अंगाने पाहिलं तर चूक एकच, अमेरिकेसाठी 'विमेन'ची निवड. ज्या अल्बममधून गिटारचा दणका मुद्दाम काढून टाकला, तो विकायला दणकेबाज गाणं पुढे करणं हा विरोधाभास होता. 'ॲनिमल'ने सुरुवात झाली असती तर कदाचित एक वर्ष वाचलं असतं.

संगीताच्या अंगाने जास्त बोलता येईल. स्टाइनमनला काढणं बरोबरच होतं, पण त्याच्यासोबत त्याचा मुद्दाही खिडकीतून बाहेर फेकला गेला. बारांतली दोन गाणी, समजा 'रन रायट' आणि 'डोन्ट शूट शॉटगन', एका खोलीत बसून एकत्र वाजवून घेतली असती तर अल्बमच्या मध्यावर कानाला मोकळी हवा मिळाली असती. आज ही दोन गाणी अल्बममधली सर्वांत विसरण्याजोगी वाटतात, कारण सिंगल होण्याइतका मुखडा त्यांच्यात नाही आणि माणसांचा आवाज त्यांच्यातून काढून घेतलेला आहे. ती नुसती गाळून अल्बम पंचावन्न मिनिटांच्या आत आणला असता तरी फायदाच होता.

ॲलनबद्दल मात्र माझं मत अधिक ठाम आहे. एक हात आणि दोन पाय यांनी वाजवणाऱ्या माणसाचा ताल वेगळा पडतो. दोन हातांचा ड्रमर जिथे सवयीने तुकडे भरेल तिथे त्याला जागा सोडावी लागते, आणि ती सोडलेली जागा त्याची स्वतःची शैली होऊ शकते. मंचावर ती दिसली. बँडने अमेरिकेतला दौरा मधोमध मंच आणि चोहोबाजूंनी प्रेक्षक अशा रचनेत केला, त्यामुळे लोकांनी त्याचे पाय काय करताहेत ते डोळ्यांनी पाहिलं. तबकडीवर मात्र तो ताल यंत्रात भरून ठेवलेल्या आवाजांखाली, म्हणजे सॅम्पलखाली, सपाट झाला. एवढी दुर्मीळ गोष्ट हाताशी असून ती वापरली नाही, हे मला या अल्बमचं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं. विक्रीच्या आकड्यांत ते कधीच दिसणार नाही.

पुढचे अल्बम पाहिले तर या पद्धतीची किंमत कळते. यशाने ती नियम होऊन बसली. पुढच्या 'ॲड्रेनलाइझ'ला १९९२ उजाडलं, आणि दरम्यान ८ जानेवारी १९९१ ला स्टीव्ह क्लार्क वयाच्या तिसाव्या वर्षी दारू आणि औषधांच्या मिश्रणाने गेला. अल्बम आला तोवर अमेरिकेतल्या सिएटलहून आलेल्या ग्रंज रॉकच्या खरखरीत आवाजाने चकाकीची हवाच काढून घेतली होती. तरी तो पहिल्या क्रमांकावर गेला, जुन्या पुण्याईवर.

१९९६ मध्ये बँडने 'स्लँग' केला. स्पेनमध्ये एकत्र राहून, थर कमी ठेवून, ॲलनला पुन्हा बऱ्याच अंशी खऱ्या ड्रमवर बसवून. म्हणजे बारा वर्षांपूर्वी स्टाइनमन जे मागत होता त्याच्या बऱ्यापैकी जवळ. अमेरिकेत तो पहिल्या दहांतही आला नाही. मला तो 'हिस्टेरिया'पेक्षा जास्त वेळा ऐकावासा वाटतो, पण तोवर ज्या श्रोत्यांना चकाकीची सवय लावली होती ते तिच्याचसाठी येत होते, आणि ज्यांना खरखर हवी होती त्यांच्याकडे निवडायला दुसरे बँड होते. तीन वर्षांनी 'युफोरिया' आला. त्यात पुन्हा आवाजांचे डोंगर, पुन्हा लखलखाट, आणि काही गाण्यांच्या श्रेयनामावलीत पुन्हा मट लँग.